१:५३ आणि ३:०५

पियानो ऐकताना : लेखांक ७

मिनिटाला किती ठोके पडतात ते कसं मोजायचं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तो हिशेब एका छोट्या ध्वनिमुद्रणाला लावू. खरं तर दोन ध्वनिमुद्रणांना. वाजवणारा एकच, कॅनडाचा ग्लेन गूल्ड. रचनाही एकच, योहान सेबास्टियन बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या आरंभी येणारी आरिया. स्टुडिओसुद्धा तोच, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचा, जुन्या चर्चच्या इमारतीतला. १९५५ च्या जूनमध्ये बावीस वर्षांचा गूल्ड ही आरिया १ मिनिट ५३ सेकंदांत संपवतो. १९८१ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याला ३ मिनिटं ५ सेकंद लागतात. पुनरावृत्त्या त्याने दोन्ही वेळा गाळल्या आहेत, त्यामुळे वाजलेली रचना तेवढीच.

आरियात ३२ बार आहेत आणि प्रत्येक बारमध्ये तीन मात्रा, म्हणजे एकूण ९६. भागाकार केला की पहिल्या वेळची सरासरी लय मिनिटाला ५१ मात्रांच्या आसपास येते, दुसऱ्या वेळची ३१ च्या. एक मात्रा सव्वा सेकंदाहून थोडी कमी होती, ती जवळजवळ दोन सेकंदांची झाली. यातलं बरोबर कोणतं, हा प्रश्न बाखला विचारून उपयोग नाही. १७४१ मध्ये छापलेल्या या आरियावर त्याने लयीची सूचनाच दिलेली नाही. शिवाय त्याने लिहिलं होतं दोन पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी.

आता स्वर. आरिया जी मेजरमध्ये आहे. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, आणि सगळे स्वर शुद्ध, बिलावलासारखे. डाव्या हाताकडे कान लावा. पहिल्या आठ बारमध्ये खर्ज एकेका बारला एकेक पायरी घेतो : सा, नी, ध, प, मग ग, म, प आणि परत सा. पुढची तीसही व्हेरिएशन्स उभी आहेत ती याच खर्जाच्या चालीवर. उजव्या हातातल्या नाजूक, मुरक्या-खटक्यांनी भरलेल्या सुरावटीवर नाहीत. पहिल्यांदा ऐकणारा बहुतेक सुरावटीच्या मागे जातो आणि पुढे ती कुठे गेली म्हणून शोधत बसतो.

आपल्याकडे मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. इथे तो घर बदलतो. सोळाव्या बारला रचना पंचमावर जाऊन टेकते आणि काही काळ त्यालाच सा मानते. मग चोविसाव्या बारपर्यंत धैवत सा होतो, तिथला गांधार कोमल, म्हणजे ई मायनर. शेवटच्या आठ बारमध्ये पुन्हा जी. या तिसऱ्या आठ बारांत प्रकाश किंचित मंद होतो. १९५५ मध्ये ही छाया साधारण २८ सेकंदांत सरकून जाते, जेमतेम जाणवते. १९८१ मध्ये ती पाऊण मिनिट थांबते. स्वर तेच, पट्टी तीच, पण मायनरमध्ये आपण मुक्कामाला असतो. भाव बदलतो तो इथे.

लय आणखी एक गोष्ट करते. आरियाला सारबांद या नाचाची चाल आहे. तीन मात्रांपैकी वजन दुसरीवर. ५१ च्या लयीत ते वजन पायांना कळतं. ३१ च्या लयीत पाऊल टाकायला कुणी थांबणार नाही, कारण दोन मात्रांमध्ये पियानोचा स्वर विरायला लागलेला असतो. त्या मोकळ्या जागेत खर्ज आणि मधले आवाज स्वतंत्रपणे ऐकू येतात. मला १९८१ ची आरिया अधिक आवडते ती यासाठी. १९५५ ची मोहक आहे, पण मला ती दारातच निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी वाटते.

दुसऱ्या ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र एक समजूत फार पसरली आहे : त्या संथपणात मृत्यूची चाहूल आहे म्हणे. तबकडी १९८२ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली आणि ४ ऑक्टोबरला, पन्नाशी नुकतीच ओलांडलेला गूल्ड पक्षाघाताने गेला. तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप तयार होते. पण वाजवून झालं होतं १९८१ च्या वसंतात, जवळपास दीड वर्ष आधी. गूल्डने स्वतः दिलेलं कारण बरंच कोरडं आहे. आरिया आणि सगळी व्हेरिएशन्स त्याला एकाच नाडीवर चालवायची होती. प्रत्येकीची लय शेजारणीशी दुप्पट, दीडपट अशा प्रमाणात बसावी, असा त्याचा आग्रह. विलंबित म्हणजे शोक नव्हे, हे खयाल ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तरुणपणीही तो भाव ओतायला बसला नव्हता. १९५५ मध्ये त्याने तीस व्हेरिएशन्स आधी मुद्रित केली आणि आरिया शेवटी घेतली. पहिले वीस टेक आपल्या वाजवण्यातला अनावश्यक भाव पुसून टाकण्यात खर्च झाले, असं त्याने पुढे लिहिलं आहे. एवढ्या व्हेरिएशन्सच्या आधी येणारी आरिया काहीशी तटस्थ हवी, पुढचं रहस्य तिने आधीच फोडू नये, हा हिशेब.

दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐका. घड्याळाकडे बघू नका, खर्ज मोजा. सत्ताविसाव्या बारपासून उजवा हात अखंड सोळांशात धावू लागतो, आणि मात्रा तेवढीच राहूनही लय वाढल्याचा भास होतो. १९५५ मध्ये हा ओघ आधीच्या चालीत मिसळून जातो. १९८१ मध्ये पहिल्यांदाच काहीतरी वाहू लागल्याचं कळतं. गूल्डचं गुणगुणणंही मागे ऐकू येईल. ते रेकॉर्डिंगचा दोष समजून आवाज कमी करू नका.

पुढच्या आठवड्यात पंचविसावं व्हेरिएशन : पट्टी तीच पांढरी पाच, पण ग, ध, नी कोमल.