दिव्याची चटई

"आजी, तुमच्या नाकाची सावली पार गालाच्या टोकाला चाललीय," लाइटदादा म्हणाला आणि खोलीतले आम्ही सगळे आजींच्या नाकाकडे बघायला लागलो.

खोली बडोद्यातली, दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीच्या घरातली. आजी म्हणजे मावशीच्या सासूबाई. गायकवाड सरकारच्या काळात जी मराठी घरं बडोद्यात आली आणि इथलीच झाली, त्यांच्यावर एक छोटा माहितीपट चालला होता. आजी बोलणार होत्या. शूटिंगला दिव्यांचं बघणारा जो माणूस असतो, त्याला सेटवर लाइटदादा म्हणतात. मग तो वयानं लहान का असेना! आमचा लाइटदादा तर मला भाच्यासारखा होता.

आधी त्यानं मुठीएवढा एक दिवा लावून पाहिला. उजेड भरपूर पडला, पण नाकाची सावली अशी, की कुणी कोळशानं रेघ ओढलीय. त्यानं दिवा बंद केला आणि पिशवीतून एक गुंडाळी काढली. मला वाटलं, आजींना बसायला चटई देतोय. त्यानं ती उलगडली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दप्तरापेक्षाही हलकी. पतंगाला कामट्या लावतात तशा दोन काड्या त्यानं मागून तिरप्या अडकवल्या, तेव्हा ती ताठ झाली. समोर पांढरं कापड लावलं. बटण दाबलं. चटई पेटली! म्हणजे उजळली. आणि आजींच्या गालावरची रेघ गायब. सावली होती, पण दुधात साय मिसळावी तशी कडेनं विरघळलेली.

हे कसं झालं? एक मुंगी घ्या. (खरी नको, मनातली.) ती आजींच्या गालावर, नाकाच्या आडोशाला बसलीय. दिवा मुठीएवढा असेल, तर मुंगीला तो एक तर दिसतो नाही तर नाकाआड दडतो. दिसला तर उजेड, दडला तर अंधार, मध्ये काहीच नाही. म्हणून सावलीची कड धारदार. पण दिवा चटईएवढा असला, तर मुंगीला नाकाच्या कडेवरून अर्धी चटई दिसते. दोन पावलं पुढे गेली की पाऊण दिसते. पुढे सगळी. उजेड असा हळूहळू वाढत जातो, म्हणून सावलीला धारच राहत नाही.

आता गंमत ऐका. सूर्य केवढा? जवळजवळ 14 लाख किलोमीटर रुंद. तरी दुपारी अंगणात तुमची सावली कात्रीनं कापल्यासारखी पडते, कारण तो 15 कोटी किलोमीटर दूर आहे आणि तिथून जेमतेम टिकलीएवढा दिसतो. आमची चटई आजींपासून मीटरभर अंतरावर होती. आजींच्या नाकाच्या दृष्टीनं बघाल तर ती सूर्यापेक्षा साठपट रुंद होती! सावली मऊ हवी असेल तर दिवा प्रखर असून भागत नाही, तो मोठा दिसावा लागतो. आभाळ भरून आलं की सावल्या पुसट का होतात, तेही आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता. दिवा वाकतो कसा? चनियाचोळी बघितलीय ना, नवरात्रात गरब्याला घालतात ती? तिच्यावर आभले शिवलेले असतात, छोटे छोटे आरसे. आरसा वाकत नाही, कापड वाकतं. इथंही तसंच. एलईडीचा दाणा कडकच असतो, तांदळापेक्षा बारीक. असे शेकडो दाणे एका लवचीक पडद्यावर ओळीनं बसवतात. त्यांना वीज पोचवायला तांब्याच्या इतक्या पातळ पट्ट्या असतात, की त्या पडद्याबरोबर वळतात आणि तुटत नाहीत. म्हणून ही चटई खांबाला गुंडाळता येते, मोटारीच्या टपाला आतून चिकटवता येते. आमच्या खोलीत स्टँड उभा करायला जागाच नव्हती. लाइटदादानं ती चिमट्यांनी थेट वरच्या तुळईला टांगली.

मी पांढरं कापड बाजूला करून बंद चटई पाहिली. पांढरा उजेड देणारे दाणे पिवळे होते! काही फिके, काही नारिंगीकडे झुकणारे. या पिवळ्यामागे मोठी कहाणी आहे. लाल एलईडी 1962 सालीच तयार झाला होता. निळा काही केल्या जमेना. चांगला झगझगीत निळा एलईडी हाती यायला 1990 नंतरची वर्षं उजाडली. तो घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यासाठी एवढा आटापिटा कशाला? कारण पांढऱ्या दाण्याच्या पोटात निळा एलईडीच असतो. त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर असतो. बराचसा निळा उजेड भुकटी गिळते आणि पिवळा करून परत देते, उरलेला निळा तसाच बाहेर पडतो. रंगपेटीतला निळा-पिवळा मिसळला तर हिरवा होतो. उजेडातला मिसळला की डोळ्यांना पांढरा दिसतो.

फिका दाणा दुपारच्या उन्हासारखा उजेड देतो, नारिंगी दाणा जुन्या पिवळ्या बल्बसारखा. सेटवर त्यांना आकड्यांनी ओळखतात, 5600 आणि 3200. गंमत म्हणजे निळसर उजेडाला सगळे 'थंड' म्हणतात, पण त्याचा आकडा मोठा! हे आकडे तापमानाचेच आहेत. लोखंड तापवलं तर आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. जास्त तापलेलं ते निळ्याकडे जातं. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून लाइटदादानं 5600 ठेवलं. नाही तर आजींचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा दिसला असता.

एवढं सगळं जमलं आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "चष्मा!" आजींच्या दोन्ही भिंगांत एकेक पांढरा चौकोन चमकत होता. मोठ्या दिव्याचं हे दुखणंच आहे, तो काचेतही मोठाच दिसतो. "चष्मा काढू का?" आजींनी विचारलं. पण चष्म्याशिवाय त्या आजी वाटेचनात. मग लाइटदादानं चटईची खालची कड वर उचलून बांधली. आरशावर उजेड जेवढा तिरपा पडतो, तेवढाच तिरपा पलीकडे निघतो. आता तो भिंगावर वरून पडून खाली, आजींच्या मांडीकडे निघून गेला. वाकत्या दिव्याचा खरा फायदा मला इथं पटला.

पूर्वी लग्नाच्या शूटिंगला 'सनगन' नावाचा दिवा असायचा. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची, आणि समोर नवरीचा मेकअप घामानं ओघळायचा. त्याच्याही कितीतरी आधी बडोद्याच्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक मुलगा शिकत होता. 1890 च्या आसपासची गोष्ट. प्राचार्य गज्जरांनी त्याला तिथली फोटोग्राफीची प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे हेच दादासाहेब फाळके झाले, आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला. त्यांचा मुख्य लाइटदादा कोण? सूर्य! दादरला घराच्या आवारात त्यांनी ऊन आत यावं म्हणून काचेची खोली बांधली होती. ढग आला की थांबा.

आमच्याकडे ढग आला नाही, पण पाच वाजले, खिडकीतलं ऊन पिवळं व्हायला लागलं, आणि लाइटदादा बटण फिरवत 5600 वरून हळूहळू खाली येत राहिला. आजी बोलतच होत्या.

शेवटी चटई विझली. लाइटदादा ती गुंडाळायला लागला, तेव्हा आजींनी त्याला जवळ बोलावून चटईला हात लावून पाहिला.

"गरमही नाही रे फारशी," त्या म्हणाल्या. "धुतात का हिला?"

"नाही आजी."

"मग जपून ने." आणि बडोद्याच्या ओल्या, 'लीलो' चिवड्याचा डबा त्यांनी त्याच पिशवीत, चटईच्या शेजारी ठेवून दिला.