दाभोळची वीज, मॉरिशसचा तह

वीज मंडळाच्या हिशेब खात्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे दाभोळचं नाव निघालं की मला आधी आठवतो तो स्थिर आकार. वीज घ्या नाहीतर घेऊ नका, दाभोळ प्रकल्पाचं अंजनवेलचं केंद्र ती द्यायला तयार आहे एवढ्यासाठी हे पैसे मोजायचे. शिवाय रक्कम डॉलरशी बांधलेली. रुपया घसरला की बिल फुगायचं. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही नाफ्थ्यावर. मंडळाला ते झेपेना. २००१ मध्ये वीज घेणं थांबलं.

वाद झाला तर लंडनमध्ये लवाद, असं वीजखरेदीच्या करारात होतं. मंडळ मात्र राज्य वीज नियामक आयोगाकडे गेलं. दर तपासणं, ग्राहकाचं हित जपणं हे आयोगाचं कामच. त्याने दाभोळ कंपनीला लंडनला जाण्यापासून रोखलं. गुंतवणूकदारांच्या लेखी हे सरळसरळ शब्द मोडणं होतं.

वर्षअखेरीस दाभोळ कंपनीची मुख्य मालक असलेल्या एन्रॉनचं दिवाळं निघालं. मागे राहिल्या तिच्या अमेरिकी भागीदार जीई आणि बेक्टेल. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा तह नव्हता. पण या कंपन्यांचा पैसा मॉरिशसमधल्या उपकंपन्यांतून आला होता आणि मॉरिशसशी आपण १९९८ मध्ये तसा तह केला होता. त्याच्या आधारे दावे लागले ते भारत सरकारवर. करार राज्याच्या मंडळाचा, जाब द्यायचा दिल्लीने! २००५ मध्ये तडजोड झाली आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

पुढे केंद्राने अशा तहांचा नवा नमुना केला. त्यानुसार परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात दाद मागायची. हे मला योग्य वाटतं, पण दाभोळचं दुखणं मूळ करारातच होतं, ते त्याने बरं झालं नसतं.

आयोगाने तेव्हा ग्राहकाची बाजू घेतली, याचा मला आजही आनंद आहे. पण आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये. करारावर सह्या झाल्या डिसेंबर १९९३ मध्ये. त्याच वर्षी जागतिक बँकेने, ही वीज महाग पडेल आणि एवढी लागणारही नाही, असं सांगून कर्ज नाकारलं होतं. ते म्हणणं लोकांपुढे मांडून, दराची उघड सुनावणी घेऊन मगच सही करायला हवी होती.