परदेशप्रवासास कोणता कॅमेरा न्यावा?

लेक-जांवई परदेशीं फिरावयास निघालीं कीं आमच्या म्हसवडासारख्या गांवींही हल्लीं हा प्रश्न विचारला जातो. उत्तर शोधतांना दादासाहेब फाळके यांचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. ते १९१२ सालीं लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच यंत्रानें घेतला. काय दाखवावयाचें हें मनाशीं आधीं ठरलें, यंत्र मागाहून आलें. क्रम हाच योग्य.

आपणही प्रथम ठरवावें कीं, चित्रें कोणासाठीं काढावयाचीं? घरीं राहिलेल्या आजीस परदेशींच्या मनोऱ्यापेक्षां नातीचा चेहरा पाहावयाचा असतो. तेवढ्यास खिशांतील मोबाइल पुरे. परंतु चित्रशाळा, जुनीं देवालयें, सायंकाळचे रस्ते अशा मंद उजेडांत मोठ्या सेन्सरचा कॅमेरा सरस ठरतो. कारण तो प्रकाश अधिक ग्रहण करितो. दूरचे पक्षी टिपावयाचे तर ऑप्टिकल झूम पाहावा; डिजिटल झूम केवळ चित्राचा तुकडा मोठा करून दाखवितो. वजन मात्र दिवसभर सोसेल इतकेंच असावें. पोथींत मिटलेल्या विद्येप्रमाणें पेटींत राहिलेला कॅमेराही निरुपयोगीच.

परीक्षा निघण्यापूर्वीं घरींच घ्यावी. माजघरांतील अंधारांत खेळणारें मूल आणि मार्गशीर्षांतील सिद्धनाथाचा चालता रथ, हीं दोन्ही स्पष्ट उमटलीं तर यंत्र उत्तीर्ण समजावें. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानांत हातसामानांतच ठेवाव्या लागतात, हें विसरूं नये. परतल्यावर निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं आणि पाठीमागें स्थळ, तिथि व माणसांचीं नांवें लिहावीं. नाहीं तर पुढील पिढीस तीं मुकींच राहतील.