निकाहची फिल्म : मूळ सांभाळा, प्रत दाखवा, किल्ली ज्याची त्याला द्या

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. पुरात भिजलेली गादी उन्हात वाळवता येते, भांडी घासून घेता येतात, कपाट नवे आणता येते. पण चिखलात गेलेल्या हार्ड डिस्कमधला मुलीच्या निकाहचा व्हिडिओ किंवा आता हयात नसलेल्या दादीचा दुआ मागतानाचा आवाज कोणत्याही बाजारात मिळत नाही.

हा झाला एक धोका. दुसऱ्या धोक्याचा पाण्याशी संबंध नाही. मेहंदीच्या रात्री फक्त बायकांच्या बैठकीत काढलेला व्हिडिओ एका मोबाइलवरून दुसऱ्यावर, तिथून दहाव्यावर जातो. पहिल्या धोक्यात चीज हरवते, दुसऱ्यात ती नको तिथे पसरते. झालेले नुकसान दोन्हींत भरून निघत नाही. म्हणून घरातल्या व्हिडिओंची व्यवस्था कशी लावावी, याविषयी आम्ही आज वाचक बंधू-भगिनींशी बोलणार आहोत.

प्रॉक्सी म्हणजे वकील

पूर्वी शादीची व्हीएचएस कॅसेट असायची. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता शूटिंगवाला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह हाती देतो. आजचे कॅमेरे ‘फोर-के’ दर्जाचे चित्रण करतात. असे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने नोंदले गेले, तर तासाभराची फाइल सुमारे ४५ जीबी होते. मेहंदी, निकाह, वलीमा मिळून दहा तास झाले, तर ४५० जीबी. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाने ही फाइल मोबाइलवर उघडली, तर ती अडखळत चालणार आणि सांगलीच्या घरचे इंटरनेटही गुदमरणार.

यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी फाइल. निकाहाच्या मजलिसमध्ये दुल्हन स्वतः येत नाही, तिचा वकील तिची संमती घेऊन येतो. प्रॉक्सी ही मूळ फाइलची अशीच वकील. चित्र तेच, आवाज तोच, फक्त आकार लहान. ७२०पी दर्जाची, सेकंदाला ४ मेगाबिटची प्रत केली, तर तोच तास १.८ जीबीत मावतो, म्हणजे मूळच्या पंचविसाव्या हिश्शात. घरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहायला ती पुरते.

व्हिडिओ एडिटिंग करणारे हीच युक्ती कामासाठी वापरतात. कापाकापी लहान प्रतीवर करायची आणि शेवटची फिल्म काढताना कॉम्प्युटरला मूळ फाइलकडे वळवायचे. त्यासाठी दोन्हींचे नाव आणि सेकंदातल्या चित्रांची संख्या सारखी ठेवावी लागते, नाहीतर जोड चुकते. घरात पाहण्यापुरती प्रत हवी असेल, तर ‘हँडब्रेक’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वकील आला म्हणजे दुल्हन आली असे होत नाही. ‘लहान प्रत छान दिसते, मग जागा कशाला अडवायची?’ म्हणून मूळ फाइल पुसू नये. प्रॉक्सीतून मूळ दर्जा परत काढता येत नाही. मूळ शाबूत असेल, तर प्रॉक्सी हवी तेव्हा पुन्हा तयार होते.

सांगलीची प्रत साताऱ्यात

मूळ फाइल किती ठिकाणी ठेवावी? छायाचित्रकारांमध्ये ‘३-२-१’ हा नियम रूढ आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडच्या घरांना हा नियम पाळणे सोपे आहे, कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एकमेकांची सोयरीक आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, कराडला कोयनेला पोटात घेते आणि मग सांगलीला पोचते. सांगलीतल्या नदीकाठच्या घरात पाणी येते, तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या सातारा शहरात तो पूर नसतो.

समजा, माहेर सांगलीत आणि मुलीचे सासर साताऱ्यात आहे. एक डिस्क माहेरी, कॉम्प्युटरमधली एक प्रत माहेरीच, आणि तिसरी साताऱ्यात सासरी. ईदला जाणे-येणे होते, तेव्हा नवे चित्रण या डिस्कवर चढवावे आणि जुन्या फाइली उघडून पाहाव्यात. वर्षानुवर्षे न उघडलेली डिस्क बिघडली आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही. सांगलीतली डिस्क तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये, हे सांगलीकरांना सांगायला नको.

घरात शिरण्याआधी परवानगी

आता दाखवण्याचा प्रश्न. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘जेलिफिन’सारखे मोफत सॉफ्टवेअर बसवले, की तो मीडिया सर्व्हर होतो. म्हणजे तिथे ठेवलेले व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर, साताऱ्यात आणि दुबईतही पाहता येतात. प्रत्येक नातेवाइकाला फाइल पाठवावी लागत नाही.

सूरह नूरमध्ये परक्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, अशी शिकवण आहे. सर्व्हरचे लॉगिन म्हणजे आजच्या काळातली हीच परवानगी. पण अनेक घरांत एकच लॉगिन असते, पासवर्ड मुलाचे नाव किंवा मोबाइल नंबर असतो, आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना कळवलेला असतो. ती परवानगी नव्हे, तो सताड उघडा दरवाजा झाला.

हे भय उगाच दाखवत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. आपल्या मिरजेशी या नावाचा काही संबंध नाही. त्याने कुलूप फोडले नाही. कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, इतकेच. २०२२ मध्ये तर ‘लास्टपास’ या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीतल्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोर शिरले आणि तिथून कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांपर्यंत पोचले. त्यांना वाट मिळाली ती ‘प्लेक्स’ या मीडिया सर्व्हरमधून. त्यातला दोष मे २०२० मध्येच दुरुस्त झाला होता, पण त्या कॉम्प्युटरवर अपडेट घेतलेच नव्हते.

म्हणून एवढे करावे :

• प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन द्यावे. अम्मीचे वेगळे, जावयाचे वेगळे, दुबईच्या मुलाचे वेगळे. एखादा मोबाइल हरवला, तर तेवढेच लॉगिन बंद करता येते.

• पासवर्ड लांब असावा आणि बँकेचा किंवा ईमेलचा नसावा. राउटरचा कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

• सगळे अधिकार असलेले ‘ॲडमिन’ लॉगिन रोज फिल्म पाहायला वापरू नये.

• बाहेरगावाहून पाहायचे असेल, तर सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये. ‘व्हीपीएन’ वापरावे, म्हणजे फक्त आपल्या माणसांच्या मोबाइलपासून घरापर्यंत बंद वाट तयार होते. ‘टेलस्केल’सारख्या साधनाने हे घरच्या घरी जमते. त्याच्या खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी.

• सॉफ्टवेअरचे अपडेट आले, की लांबणीवर टाकू नये.

लहान प्रतीलाही परदा हवा

आता सर्वांत महत्त्वाचे. जेलिफिनमध्ये कोणत्या लॉगिनला कोणता फोल्डर दिसावा, हे ठरवता येते. निकाह आणि वलीमा सर्वांसाठी, मेहंदी आणि जनानी बैठक फक्त घरातल्या बायकांच्या लॉगिनसाठी. डाउनलोडची मुभाही प्रत्येक लॉगिनला वेगवेगळी देता येते.

पण मूळ फाइल कुलपात ठेवून प्रॉक्सीचा फोल्डर मोकळा राहिला, तर कुलपाचा उपयोग काय? प्रॉक्सी आकाराने लहान असते, म्हणून ती मूळपेक्षा लवकर पसरते. चेहरे तर दोन्हींत तेच. तेव्हा मूळ ज्याने पाहू नये, त्याला प्रॉक्सीही दिसू नये. जनानी फाइलींचा फोल्डर सुरुवातीपासूनच वेगळा करावा. एकत्र टाकून नंतर निवडत बसू नये. शूटिंगवाल्याकडेही मूळ आणि प्रॉक्सी दोन्ही राहिलेल्या असतात. काम संपल्यावर त्या पुसायच्या, हे बयाणा देतानाच ठरवून घ्यावे.

इतके करूनही, पाहणाऱ्याने दुसऱ्या मोबाइलने टीव्हीचे चित्रण केले, तर कोणताही पासवर्ड ते रोखू शकत नाही. तिथे माणसाची अमानतदारीच कामी येते. म्हणून लॉगिन देताना नाते पाहावे, तसा विश्वासही पाहावा.

आणि ॲडमिनची किल्ली कोणाकडे? बहुतेक घरांत कॉम्प्युटर कळणाऱ्या तरुण मुलाकडे. ज्याच्याकडे ही किल्ली, त्याला सगळे फोल्डर उघडे असतात. मग बायकांसाठी वेगळा फोल्डर केला, तरी तो नावापुरताच. आमचे मत स्पष्ट आहे : जनानी चित्रण वेगळ्या डिस्कवर ठेवावे, ती डिस्क पासवर्डने कुलूपबंद करावी, आणि तो पासवर्ड घरातल्या मुलीने किंवा सुनेने स्वतः लावावा. तिला जमणार नाही असे समजू नये. जी मुलगी मोबाइलवर बँकेचे व्यवहार करते, तिला हे एका दुपारी येते. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा, म्हणजे उद्या कोणी नसले, तरी पुढच्या पिढीला दादीचा आवाज ऐकता येईल. त्या पाकिटावर कोणाचे नाव लिहायचे, हे मात्र जिचे चित्रण आहे तिला विचारून ठरवावे.