पेढीचें नांव उसनें देऊं नये

चोर घरांतलें द्रव्य घेऊन जातो, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. म्हणूनच आपण कड्याकुलपें करितों व तिजोऱ्या ठेवितों. परंतु अलीकडे निराळ्याच जातीचा चोर निघाला आहे. तो द्रव्य नेण्यासाठीं येत नाहीं, ठेवण्यासाठीं येतो. दुसरीकडे लुबाडलेला पैसा त्याला थोडा वेळ कोणाच्या तरी प्रामाणिक नांवाखालीं दडवावयाचा असतो, आणि त्या कामीं लहान व्यापाऱ्याच्या खात्यासारखी सोयीची जागा त्याला दुसरी सांपडत नाहीं. ज्यांच्या घरीं दुकान, कारखाना किंवा पेढी आहे, अशा वाचकांस ह्या पाहुण्याविषयीं चार शब्द सांगावे असें आमच्या मनांत आहे.

ह्या गोष्टी मुंबई-दिल्लीच्या. करवीरकरांस त्यांचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास एक उदाहरण पुरे आहे. १९०६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत, ११ व १३ तारखेस, संगणकाच्या मार्गानें दरोडा पडला आणि सुमारें ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डें वापरून २८ देशांतील यंत्रांतून रोकड काढण्यांत आली. कांहीं रक्कम हाँगकाँगच्या एका बँकेंत वळविण्यांत आली. हिंदुस्थानांत ज्या शहरांच्या एटीएममधून पैसे निघाले, त्यांत आपलें कोल्हापूरहि होतें. पुढें २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस दोषी ठरविलें. एवढ्या अवाढव्य चोरीलाहि शेवटीं यंत्रापुढें उभें राहून पैसे काढणारे हात लागतातच. आणि ते हात आपल्याच गल्लींतले असूं शकतात.

काळा पैसा उजळ करण्याच्या ह्या धंद्यास इंग्रजी नांवावरून मनी लाँडरिंग म्हणतात. सरळ मराठींत म्हणजे पैशाची धुलाई. तिच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम तो पैसा कोणत्या तरी खात्यांत किंवा धंद्यांत शिरकावयाचा. मग माग लागूं नये म्हणून दहा खात्यांतून फिरवावयाचा. आणि अखेर घर, जमीन, सोनें अशा रूपानें राजरोस बाहेर काढावयाचा. लहान व्यापारी गुंततो तो बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर, आणि तोहि पुष्कळदां भिडेपोटीं.

आमचा एक जुना विद्यार्थी दुकान चालवितो. तो एकदां विचारूं लागला, “गुरुजी, एक ओळखीचा गृहस्थ म्हणतो कीं, माझ्या चालू खात्यांतून त्याची रक्कम जाऊं द्यावी, शेंकडा दोन रुपये देईन. पैसे माझे नाहींत, चोरीहि माझी नाहीं. मग दोष कसला?” आम्हीं त्यास म्हटलें, “बाळ, ज्याचा धंदा सरळ आहे त्याला स्वतःचें खातें उघडावयास कोणी अडविलें आहे? तो तुला शेंकडा दोन देतो तो खात्याचा मोबदला नव्हे. तुझ्या वडिलांनीं तीस वर्षें जपलेल्या नांवाचें तें भाडें आहे.” तो उठला आणि त्या गृहस्थास नकार कळवून आला.

त्यानें होकार दिला असता तर काय झालें असतें, हें कायद्यावरून पाहावें. पैशाच्या धुलाईस प्रतिबंध करणारा कायदा २००२ सालीं झाला व १ जुलै २००५ पासून अंमलांत आला. गुन्ह्यांतून आलेला पैसा जाणूनबुजून बाळगणें, लपविणें किंवा स्वच्छ म्हणून दाखविणें ह्याबद्दल त्यांत तीन ते सात वर्षें सक्तमजुरी व दंड आहे. मालमत्तेवर टांच येते ती वेगळीच. शिवाय पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातें गोठविते, तेव्हां त्यांतील मजुरांचा पगार, मालाचे पैसे आणि मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेली पुंजी, सारेंच अडकून पडतें. एकत्र कुटुंबांत एका पुतण्याच्या सहीची झळ साऱ्या घराला लागते ती अशी.

आतां रोखीविषयीं. एका माणसाकडून एका दिवसांत, किंवा एकाच व्यवहारापोटीं, २ लाख रुपये अथवा अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे; घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊं शकतो. सोनें, चांदी व रत्नें ह्यांच्या व्यापाऱ्यांस डिसेंबर २०२० पासून १० लाख व त्यांवरील रोख व्यवहारांपुरतें धुलाईच्या कायद्याच्या कक्षेंतहि आणलें आहे. तेव्हां गुजरींतल्या सराफानें किंवा हुपरीच्या चांदीवाल्यानें, एकाच खरेदीच्या चार नांवांनीं चार पावत्या मागणारें गिऱ्हाईक आलें कीं वेळींच सावध व्हावें. मोठ्या रोख व्यवहारांची खबर बँका सरकारला देतात. बँकेचा कारकून पुनःपुन्हां ओळखपत्र मागतो तो त्यामुळें. त्यावर रागावूं नये.

कित्येक मालाशिवाय पावती देतात आणि करापुरतें कमिशन घेतात. ही तर लेखी कबुलीच होय! शिरोली, गोकुळ शिरगांव येथील कारखानदारांस आणखी एक फसवणूक ठाऊक असावी. नेहमींच्या व्यापाऱ्याच्या नांवानें पत्र येतें कीं, आमचें खातें बदललें, ह्यापुढें रक्कम नव्या खात्यावर पाठवा. पत्र हुबेहूब असतें. लिहिणारा मात्र चोर असतो. अशा वेळीं पत्रांतील नव्हे, आपल्या जुन्या वहींतील क्रमांकावर फोन करून प्रत्यक्ष विचारावें. तसेंच कोणी ‘चुकून जास्त रक्कम आली, ती दुसऱ्या खात्यावर परत करा’ म्हणेल, तर बँकेला कळवून, जेथून आली तेथेंच ती परत करावी.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत. आज तो असता तर हा आंकडा त्याला वाढवावा लागला असता; उपाय मात्र फार पालटले नाहींत. नव्या गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पडताळावा. फोनवर येणारा गुप्त अंक घरच्या मुनिमासहि सांगूं नये. पेढीचें खातें दोघांनीं मिळून दर आठवड्यास वहीशीं ताडावें. पावत्या व ओळखपत्रांच्या नकला जपून ठेवाव्या. आणि फसगत झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं खबर गेली तर तो अडविण्याची आशा असते.

मोठे मासे सुटतात आणि कागदपत्रांचा जाच लहानांना, ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. पण मोठा मासा सुटतो म्हणून लहानानें जाळ्यांत शिरावें, हें शहाणपण नव्हे. दसऱ्याला आपण वहीची पूजा करितों. त्या वहींतील प्रत्येक रकमेपुढें ती कोणाची, कशाबद्दलची आणि कोठून आली, हें घरांतील धाकट्या मुलालाहि सांगतां आलें पाहिजे. ज्या रकमेविषयीं तें सांगतां येत नाहीं, ती दारांतूनच परत जाऊं द्यावी.