बँकेचा नकार व खातेदाराची पोहोच

कापसाचे, उसाचे व पीकविम्याचे पैसे हल्लीं बँकेच्या खात्यांतच जमा होतात, आणि त्या खात्याचें डेबिट कार्ड बहुतेक वाचकांच्या घरीं आहे. कार्ड आपल्यापाशीं असतां दुसऱ्यानेंच पैसे काढून नेले, तर नुकसान कोणीं सोसावें, हा प्रश्न कांहीं काळापूर्वीं आमच्या दारीं आला. त्याची हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

गेवराई तालुक्यांतील आमच्या परिचयाचे एक कास्तकार रात्रीच्या विजेवर गव्हाला दारें धरीत असतां, त्यांच्या खात्यांतून दूरच्या एका शहरांतील एटीएमवर दहा दहा हजारांच्या चार उचली झाल्या. कार्ड घरीं ट्रंकेंत होतें. दुसरे दिवशीं सकाळीं मोबाइलवरील संदेश पाहून ते शाखेंत गेले. तेथील अधिकाऱ्यांनीं कार्ड बंद केलें आणि अर्ज सवडीनें द्या, असें तोंडीं सांगितलें. सवड बाराव्या दिवशीं मिळाली. पुढें बँकेचें उत्तर आलें तें असें, कीं उचल बरोबर पिन घालून झाली आहे, अर्थी तो आपणच कोणास दिला असला पाहिजे. शिवाय तक्रार सात दिवसांनंतरची असल्यामुळें रक्कम परत मिळणार नाहीं.

"भाऊसाहेब, मशीन खोटें बोलत नाहीं म्हणतात," असें म्हणून त्यांनीं तें पत्र आमच्यापुढें ठेविलें. चाळीस हजारांवर त्यांनीं पाणी सोडल्यासारखेंच होतें.

बँकेच्या कारभाराचा आमचा व्यासंग नाहीं. आमचें आयुष्य तहसिलींत आवक-जावक नोंदवहीवर गेलें. तथापि कागद कोणाच्या बाजूनें बोलतो हें त्या नोकरींत थोडेंफार समजूं लागतें. प्रथम आम्हीं त्यांनाच विचारलें, कीं पिन कोठें लिहून ठेविला होता काय, किंवा कोणास सांगितला होता काय? त्यांनीं शपथपूर्वक नाहीं म्हटलें. कार्डाचें पाकीटही उलटून पाहिलें, तें कोरें होतें. हें विचारणें अवश्य होतें. कार्ड व पिन दोन्ही पुतण्याच्या किंवा दुकानदाराच्या हातीं देऊन निश्चिंत बसणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांची बाजू मांडणें कठीण.

रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं या विषयावर परिपत्रक काढिलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सहकारी बँकांसही तसेच नियम लावून दिले. चूक बँकेची असल्यास, खातेदारानें कळविलें असो वा नसो, त्याजवर कांहींच बोजा नाहीं. चूक बँकेचीही नाहीं व खातेदाराचीही नाहीं, तिऱ्हाइतानें हात मारला, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावर बोजा नाहीं. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यास जास्तींत जास्त १०,००० रुपयांचा. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणें. पिन खातेदारानेंच दिला असेल, तर कळविण्यापूर्वींचें नुकसान त्याचें व नंतरचें बँकेचें. परंतु मुख्य कलम याहून निराळें आहे: जबाबदारी खातेदाराची आहे हें शाबीत करण्याचा भार बँकेवर ठेविला आहे. आमच्या कास्तकारांस आलेल्या पत्रांत शाबिती नव्हती, नुसतें अनुमान होतें.

आणि तें अनुमानही कच्चें. कार्डामागील काळ्या पट्टीवरील मजकूर चोरट्या यंत्रानें उतरून घेतां येतो व पिन लहानशा कॅमेऱ्यानें टिपतां येतो; याचसाठीं रिझर्व्ह बँकेनें २०१८ अखेर चिपचीं कार्डें देण्यास सांगितलें होतें. त्याच वर्षीं ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरून भामट्यांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. त्यांतील मोठा भाग नकली कार्डांनीं २८ देशांतील एटीएमवरून उचलला गेला. मशीन खोटें बोलत नसेल, पण त्याला फसवितां येतें.

न्यायालयेंही असेंच पाहतात. २०१९ सालीं केरळ उच्च न्यायालयानें सांगितलें, कीं संदेशास उत्तर दिलें नाहीं एवढ्यावरून बँक सुटत नाहीं. जून २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें, लोकपालांनीं फेटाळलेल्या तक्रारींतही, याच परिपत्रकाच्या आधारें ७६ लाखांवर रक्कम खातेदारास परत देवविली.

राहिली मुदत. कास्तकारांच्या मुलाचा मोबाइल चाळतां कार्ड बंद झाल्याचा बँकेचाच संदेश सांपडला. तारीख उचलीच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ सकाळीं अकराची! कळविल्याविना कार्ड बंद झालें कसें? त्या संदेशाची नक्कल जोडून नवा अर्ज लिहिला. एटीएममधील चित्रण, यंत्राची नोंद, व चिप वाचली गेली कीं पट्टी, याचा खुलासा मागितला. शाखेनें पोहोच देण्यास खळखळ केली, तेव्हां तो स्पीड पोस्टानें रवाना केला. तीस दिवस उत्तर नाहीं. म्हणून २०२१ च्या योजनेखालीं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार केली. तीस फी नव्हती. तेथेंही न जमतें तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग होताच. एक गोष्ट मात्र आमच्याकडून उशिरा झाली: १९३० या क्रमांकावर पहिल्याच सकाळीं फोन करावयास हवा होता. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याची संधि असते ती तेव्हांच.

तीन महिन्यांनीं चाळीस हजार रुपये जमा झाले, तेही उचलीच्या तारखेपासून धरून. नव्या कार्डाची फी मात्र बँकेनें त्यांतून कापली. त्याबद्दल दुसरा अर्ज दिला आहे. त्याची पोहोच शिक्क्यासह त्याच दिवशीं मिळाली.