रक्ताच्या नोंदी कुठे गेल्या?

ब्रिटनच्या आरोग्य खात्यात १९८९ साली एक सल्लागार समिती काम करू लागली. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंपासून दान केलेलं रक्त कसं सुरक्षित ठेवायचं, हे सरकारला सांगणं तिच्याकडे होतं. हेपटायटिस सीचा विषाणू त्याच वर्षी ओळखला गेला आणि त्याची चाचणीही लवकरच हाती आली. जपान, फ्रान्स आणि अमेरिकेत १९९० संपायच्या आत प्रत्येक रक्तदानाची तपासणी सुरू झाली होती. ब्रिटनमध्ये त्यासाठी १ सप्टेंबर १९९१ उजाडावं लागलं. मधल्या महिन्यांत शस्त्रक्रियेत, बाळंतपणात, अपघातात रक्त चढवलेल्या काही जणांच्या शरीरात त्याच पिशवीतून हा विषाणू गेला. उशीर कोणामुळे झाला आणि त्यामागे कोणता हिशेब होता, हे समितीच्या कागदांत सापडायला हवं होतं. पण त्या नस्त्यांचे चौथ्यापासून सतराव्यापर्यंतचे खंड १९९४ ते १९९८ या काळात नष्ट करण्यात आले.

बाधित रुग्णांनी कोर्टात दावा लावला, कागदपत्रं मागितली गेली, तेव्हा ही पोकळी दिसली. खात्याच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी २००० साली तपास केला. नस्त्या नष्ट करण्याचा निर्णय मनमानी आणि असमर्थनीय होता, हे त्यांनी मान्य केलं. पण तो बहुधा एखाद्या अननुभवी कर्मचाऱ्याने घेतला असावा, असं म्हणून विषय मिटवला. आपल्या सरकारी कचेऱ्यांत नस्ती बंद करताना तिच्यावर अ, ब, क किंवा ड असा वर्ग टाकतात. ‘अ’ कायम जपायची, ‘ड’ वर्षभरात निकालात काढायची. हे काम ज्याने केलं आहे त्याला ठाऊक असतं, की वर्ग चुकू शकतो, एखादा गठ्ठा चुकीच्या कपाटात जाऊ शकतो. पण एकाच विषयाचे, नेमक्या अडचणीच्या वर्षांचे चौदा खंड ओळीने गेले, तेव्हा नवख्या कारकुनावर बोट ठेवणं मला फार सोयीचं वाटतं.

या प्रकरणाची व्याप्ती समजल्याशिवाय त्या कागदांचं मोल कळणार नाही. १९७० पासून १९९१ पर्यंत ब्रिटनमध्ये तीस हजारांहून अधिक माणसांना रक्तातून किंवा रक्तापासून बनवलेल्या औषधांतून एचआयव्ही, हेपटायटिस किंवा दोन्ही जडले. त्यातले सुमारे तीन हजार दगावले. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांना ‘फॅक्टर ८’ नावाचं औषध दिलं जाई. ते हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायचं आणि त्यातलं बरंचसं अमेरिकेतून यायचं. तिथे पैसे देऊन प्लाझ्मा घेत, तुरुंगातल्या कैद्यांकडूनही घेत. एका दात्याचा संसर्ग साऱ्या घाण्यात उतरायचा. हॅम्पशायरमधल्या ट्रेलोअर्स या निवासी शाळेत १९७० ते १९८७ दरम्यान हिमोफिलियाची १२२ मुलं शिकली. आज त्यातली तीसेकच हयात आहेत.

डेव्हिड ओवेन आरोग्यमंत्री असताना, १९७५ च्या जानेवारीत, त्यांनी पाच लाख पौंड मंजूर केले होते. दोन-तीन वर्षांत देशाने ही औषधं स्वतः बनवावीत आणि आयात थांबावी, हा हेतू होता. तसं घडलं नाही. पुढे त्यांनी आपल्या कारकिर्दीचे कागद मागितले, तर ते लगद्यात गेल्याचं उत्तर मिळालं. १९७९ ते १९८१ या काळात हेच खातं सांभाळलेले पॅट्रिक जेन्किन यांनाही अशीच उत्तरं ऐकावी लागली. माजी मंत्र्यांची ही गत, तर आपला मुलगा कशाने गेला हे विचारणाऱ्या आईला कोण दाद देणार?

तिच्या वाट्याला नोंदींचा दुसरा दुष्काळ आला. तिथल्या इस्पितळांत बहुतेक केसपेपर शेवटच्या उपचारानंतर साधारण आठ वर्षं ठेवायचा नियम होता. हेपटायटिस सी मात्र वीस-तीस वर्षं शरीरात मुकाट राहू शकतो आणि अनेकदा लिव्हर निकामी होऊ लागल्यावरच कळतो. शस्त्रक्रियेत रक्त चढवलेल्या बाईला आजार कळेपर्यंत तिचा केसपेपर केव्हाच नष्ट झालेला असे. २००४ साली हेपटायटिस सीच्या रुग्णांसाठी मदतनिधी निघाला, त्याने पुरावा मागितला. पुरावा ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांनीच तो ठेवला नव्हता, आणि अर्ज फेटाळला गेला तो रुग्णाचा. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत क्रूर भाग हाच वाटतो. समितीचे खंड नष्ट करण्यात निदान कोणाचा तरी स्वार्थ असू शकतो. इथे नियमाप्रमाणे वागूनही माणसं उघड्यावर पडली.

सरकार मात्र ठामपणे बोलत राहिलं. त्या वेळचे उत्तम उपचारच रुग्णांना दिले, चुकीचं काही घडलं नाही, हे वाक्य एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. कागद नाहीत असं एकीकडे म्हणायचं आणि त्या कागदांत वावगं काही नव्हतं अशी ग्वाही दुसरीकडे द्यायची, या दोन गोष्टी एका तोंडात कशा बसतात? २००६ साली वकिलांच्या एका फर्मने जुन्या खटल्यातल्या प्रती खात्याला परत केल्या, आणि पुढच्या काही वर्षांत खात्याने स्वतःच हजारो कागद खुले केले. म्हणजे सगळं काही नष्ट झालं नव्हतं.

शोधायचं ठरवलं तर काय होतं, हे त्याआधी जपानने दाखवलं होतं. तिथेही हिमोफिलियाच्या रुग्णांना अशाच औषधांतून एचआयव्ही झाला होता आणि १९८३ च्या नस्त्या सापडत नाहीत, असं आरोग्य मंत्रालय सांगत होतं. १९९६ च्या जानेवारीत नाओतो कान मंत्री झाले. त्यांनी खात्यातच शोधपथक नेमलं, आणि काही दिवसांत नस्त्या मंत्रालयातच मिळाल्या. फेब्रुवारीत कान यांनी पीडितांची समोरासमोर माफी मागितली.

ब्रिटनला आणखी वीस वर्षं लागली. लॉर्ड आर्चर यांची २००७ ची चौकशी खासगी देणग्यांवर चालली. कोणाला साक्षीला बोलावण्याचा अधिकार तिला नव्हता. स्कॉटलंडच्या पेनरोझ चौकशीने २०१५ मध्ये अहवाल दिला, त्यात शिफारस एकच होती. मग एप्रिल २०१७ मध्ये खासदार अँडी बर्नहॅम यांनी संसदेतल्या शेवटच्या भाषणात हे प्रकरण दडपल्याचा थेट आरोप केला. त्याच जुलैमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी चौकशी जाहीर केली.

या चौकशीचे अध्यक्ष सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. समितीच्या नस्त्यांबद्दल त्यांनी नवख्या कारकुनाची सबब स्वीकारली नाही. १९९३ मध्ये त्या नस्त्यांवर नाशाचा शेरा पडला, आणि तपासणीतल्या दिरंगाईचा मजकूर त्यांत असल्यामुळेच तो पडला असण्याची शक्यता अधिक, असं त्यांनी नोंदवलं. त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनाक यांनी संसदेत माफी मागितली. ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली.

विषाणू अंगात असून ज्यांना तो माहीतच नाही, असे लोक शोधण्याची शिफारसही अहवालात होती. २०२५ पासून इंग्लंडमध्ये नव्या डॉक्टरकडे नाव नोंदवणाऱ्याला विचारलं जातं, की १९९६ पूर्वी तुम्हाला रक्त चढवलं होतं का. उत्तर ‘हो’ असेल तर हेपटायटिस सीची चाचणी करून घ्यायला सांगतात. इतक्या वर्षांपूर्वीच्या नोंदी बहुतेकांच्या बाबतीत उरलेल्याच नाहीत, त्यामुळे डॉक्टरला रुग्णाच्या आठवणीवरच विसंबावं लागतं.